ओव्हनसमोरची बैठक

आज काही भाजायचं नाही. मैदा चाळायचा नाही, लोणी बाहेर काढून ठेवायचं नाही. आज ओव्हन लावायचा आणि त्याच्यासमोर बसायचं, एवढंच. भरपूर वेळ हाताशी असेल आणि घरात कुणाला घाई नसेल अशी दुपार निवडा. एक कोरा कागद, पेन, नजरेसमोर घड्याळ आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मोमीटर जवळ असू द्या. थर्मोमीटर साधा चालतो: स्टीलची तबकडी, काटा, खाली उभं राहायला पाय, वर जाळीला टांगायला आकडा. बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. रिकामा ओव्हन इतका वेळ चालवायचा म्हणून विजेची काळजी वाटत असेल, तर ओटीजी या घरगुती विजेच्या ओव्हनला या बैठकीत दीड-दोन युनिटं लागतात.

बसण्याआधी एक पदार्थ आठवा. मधे बसलेला केक, ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटलेली नानकटाई, वरून करपलेला आणि आत कच्चा निघालेला पाव, यातलं तुमच्या वाट्याला जे आलं असेल ते. त्या वेळी घरात काय बोललं गेलं तेही आठवा. बहुतेकदा आपणच म्हणतो, माझा हात अजून बसलेला नाही. किंवा कुणी म्हणतं, तिच्या हाताला गुण आहे, आपल्याला ते जमायचं नाही. अशा एका वाक्यानंतर कितीतरी घरांतला ओटीजी माळ्यावर गेला आहे. ते वाक्य आजच्यापुरतं बाजूला ठेवा. ते अजून कुणी तपासलेलं नाही.

जाळी मधल्या खाचेत सरकवा. थर्मोमीटर तिच्या मध्यावर ठेवा, तबकडी काचेकडे करून. ट्रे, टिन, मागच्या वेळचा बटर पेपर, सगळं बाहेर काढा. दार लावा. बटण अजून दाबू नका.

आधी नॉबकडे पाहा. 100, 150, 200, 250 असे आकडे असतील, मधे बारीक रेघा. 180 पुष्कळ नॉबांवर छापलेलंही नसतं. दीडशे आणि दोनशेच्या मधे, दोनशेच्या थोडं अलीकडे, असं आपण ते चाचपडत शोधतो. बोटाने नॉब किंचित हलवून पाहा. एवढ्याशा हलण्यात पाच-दहा अंश इकडचे तिकडे होतात. कारखान्यात हा नॉब दांड्यावर बसवताना केसभर फिरून बसला असेल, तर ते पाच-दहा अंश पहिल्या दिवसापासून तुमच्या घरी राहायला आलेले आहेत.

नॉब 180 वर नेल्यावर आत नेमकं काय होतं, ते सावकाश मनात आणा. गॅस मोठा-बारीक करता येतो, तशी या ओव्हनची आच करता येत नाही. आतली तापणारी दांडी पूर्ण चालू असते नाहीतर पूर्ण बंद. दीड हजार वॉटचा ओव्हन शंभरवर लावा की अडीचशेवर, दोन्ही दांड्या चालू असताना तो दीड हजार वॉटच खातो. ही वीज कुठे तोडायची, एवढंच नॉब ठरवतो. अनेक लहान ओटीजींत त्यासाठी धातूची एक पट्टी असते, दोन वेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना जोडून केलेली. तापल्यावर एक पत्रा जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. पुरेशी वाकली की संपर्क सुटतो आणि वीज थांबते. निवली की ती सरळ होते आणि संपर्क पुन्हा जुळतो. नॉब फिरवून आपण त्या पट्टीवरचा दाब कमीजास्त करतो. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी अशा वाकणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट 1830 साली घेतलं. त्यांच्या डोळ्यांसमोर कापडगिरण्या होत्या. मोठ्या ओव्हनांत पट्टीच्या जागी द्रव भरलेली बारीक नळी असते. तिथेही काहीतरी तापून वाढतं आणि संपर्क तुटतो.

त्या पट्टीपाशी थोडं थांबा. तिला अंश मोजता येत नाहीत, फक्त वाकता येतं. 180 हा आकडा बाहेर, प्लास्टिकवर, माणसाने छापलेला आहे. पट्टीला ती जिथे बसवली आहे तिथलीच उष्णता कळते, आणि लहान ओटीजीत ती सहसा नॉबांच्या मागच्या कप्प्यात, भिंतीला लागून असते. केक मात्र मध्यावर असतो. वर्षानुवर्षं तापून आणि निवून पट्टीचा ताणही थोडा थोडा बदलत जातो. इतक्या साध्या गोष्टीवर आपला सगळा भरवसा असतो, आणि ती तो बऱ्यापैकी निभावतेही. मला तिच्याबद्दल आदर वाटतो. पण तिचं म्हणणं पडताळून पाहणं आपल्याकडेच आहे.

आता बटण दाबा. नॉब 180 वर, खालची आणि वरची अशा दोन्ही दांड्या चालू, टायमर सतत चालू राहील अशा खुणेवर. लाल दिवा लागला. वेळ लिहा.

दांड्या आधी काळ्याच दिसतील. मग कुठेतरी मंद लाली येईल आणि ती हळूहळू पसरेल. तिच्याकडे पाहत राहा. पत्रा प्रसरण पावताना टकटक आवाज येतात, तेही ऐका. पहिल्यांदा दिवा विझायला दहा-पंधरा मिनिटं लागतील. तुमच्याकडे विजेचा दाब कमी असेल तर जास्त. दांडीची ताकद दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे 230 व्होल्टऐवजी 200 मिळत असतील तर ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटते. गावाकडे संध्याकाळी ओव्हन तापत नाही अशी तक्रार ऐकू येते, ती यातूनच. यात एक दिलासा आहे: दाब कमी असला तरी पट्टी वाकायची तिथेच वाकते. ओव्हनला वेळ जास्त लागेल, पण तापमानाची खूण तेवढ्याने सरकणार नाही.

दिवा विझला. उठू नका.

पाककृतीत ‘ओव्हन प्रीहीट करा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण हाच क्षण धरून टिन आत सरकवतो. आत्ता खरं काय घडलं आहे ते पाहा. पट्टीला आपल्यापुरती खूण मिळाली. ओव्हनच्या भिंती, जाळी, काच अजून मागे आहेत. थर्मोमीटरचा काटाही मागे असू शकतो, कारण त्यालाही आधी स्वतः तापावं लागतं. कदाचित तो दीडशेवर असेल, कदाचित दोनशेच्या पुढे गेलेला असेल. जिथे असेल तिथे पाहा आणि लिहू नका. या पहिल्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. आणखी वीस मिनिटं नुसतं बसायचं आहे.

या वीस मिनिटांत, ज्यांच्याकडे आकडा नव्हता त्यांच्याकडे मन न्या.

ओटीजी घरोघरी येण्याआधीही महाराष्ट्रात केक होत होते. पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा, किंवा खाली मंद शेगडी आणि झाकणावर निखारे. निखाऱ्यांवर राख सारली की वरची आच उतरते, फुंकर घातली की चढते. रव्याचा केक अशा आचेवर भाजणाऱ्या बाईला अंश ठाऊक नव्हते, पण झाकणाजवळ तळहात धरून किती वेळ धरवतो ते ठाऊक होतं. नंतर अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यातल्या बहुतेकांना तापमानाचा नॉब नव्हता. काचेतून रंग पाहायचा, वास घ्यायचा आणि बटण बंद करायचं.

दिवाळीआधी नानकटाईचं पीठ मळून, गोळे करून, ट्रे घेऊन बेकरीत जायची रीत तुम्ही पाहिली असेल, नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तिथल्या विटांच्या भट्टीत लाकूड जळून गेल्यावर विटांत साठलेली उष्णता तासन् तास उतरत राहते. भट्टीवाला त्या उतरत्या आचेप्रमाणे कामं लावतो. कडक आचेवर पाव, ती उतरली की बिस्किटं आणि नानकटाई. आच पदार्थासाठी बदलण्यापेक्षा आचेला साजेसा पदार्थ तो निवडतो. गोव्यात बेबिंका करताना वरून आच देतात, नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांची. एक थर भाजून त्याचा रंग मनाजोगा आला की त्यावर तूप, मग पुढचा थर. असे सात, कधी त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक थराशी थांबून पाहावं लागतं. हा पदार्थ ज्याने एकदा शेवटपर्यंत केला, त्याला आच शिकवावी लागत नाही.

मुंबईतल्या लाकडाच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांना गॅस, वीज किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. शहराच्या हवेसाठी ते आवश्यकच होतं. पण ज्या भट्टीवाल्यांना आपल्या विटा ओळखीच्या होत्या, त्यांनाही आता नवी आच नव्याने ओळखावी लागणार. तुम्ही आत्ता जे करत आहात तेच त्यांनाही करावं लागेल.

वीस मिनिटं झाली असतील. पेन घ्या.

आता काटा कुठपर्यंत चढतो आणि कुठपर्यंत उतरतो, फक्त एवढंच टिपायचं. दिवा विझला तरी काटा लगेच थांबणार नाही. दांडीत उष्णता शिल्लक आहे, ती बाहेर पडत राहते आणि काटा आणखी थोडा वर जातो. मग क्षणभर थांबतो. तो आकडा लिहा. मग उतरायला लागतो. दिवा पुन्हा लागला तरी तो थोडा वेळ उतरतच राहील, कारण निवलेली दांडी तापायला वेळ घेते. पुन्हा थांबेल. तोही लिहा. दार उघडू नका, काचेतूनच वाचा. दार उघडलं की काटा झपाट्याने घसरतो आणि मग आपण ओव्हनऐवजी आपलंच दार मोजत बसतो. अशा पाच-सहा फेऱ्या होऊ द्या.

यातच कुठेतरी काटा 168 वर दिसेल आणि उठून नॉब पुढे ढकलावासा वाटेल. ही इच्छा येऊ द्या. हात मांडीवर राहू द्या. थोड्या वेळाने काटा 196 वर दिसेल आणि नॉब मागे ओढावासा वाटेल. तेव्हाही बसून राहा. तापमान इथे झोपाळ्यासारखं आहे, त्याची जागा सांगायची तर मधली सांगावी लागते. वरचा आकडा आणि खालचा आकडा घ्या, बेरीज करा, निम्मे करा. 196 आणि 168 यांची सरासरी 182. हा ओव्हन उत्तम आहे. ज्याने फक्त 168 पाहिलं तो त्याला दुरुस्तीला नेईल, ज्याने फक्त 196 पाहिलं तो सगळ्या पाककृती वीस अंश खाली आणेल, आणि दोघांचेही पदार्थ बिघडतील.

पण समजा तुमच्या कागदावर 172 आणि 146 आले. सरासरी 159. नॉब 180 म्हणतो आहे आणि आत जेमतेम 160 आहेत. किंवा 222 आणि 190 आले. सरासरी 206, म्हणजे सव्वीस अंश जास्त. घरगुती ओव्हनांत एवढा फरक मुळीच दुर्मीळ नाही.

कागद बाजूला ठेवा आणि आता केकच्या बाजूने विचार करा. ओव्हनमध्ये 180 असले तरी केकच्या पोटात तेवढी उष्णता कधीच पोचत नाही. त्यात पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभरच्या वर चढत नाही. केक भाजून होतो तेव्हा त्याच्या मध्यावर साधारण 95 ते 98 अंश असतात. तिथपर्यंतच्या चढणीवर एकेक गोष्ट होत जाते. आधी लोणी वितळतं. मग बेकिंग पावडरचा वायू सुटतो, हवेचे बुडबुडे फुगतात. साठ-सत्तरच्या आसपास मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट होऊ लागतो. त्यापुढे अंडं आवळतं आणि फुगलेले बुडबुडे जागच्या जागी पक्के होतात. बाहेरच्या बाजूला पाणी उडून गेलं की तिथलं तापमान शंभर ओलांडतं, आणि साधारण 140 च्या पुढे तो तांबूस रंग आणि तो वास झपाट्याने तयार होऊ लागतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या रंगामागच्या प्रक्रियेचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

केक हळू तापतो. तीस-चाळीस मिनिटांत काट्याच्या अनेक फेऱ्या त्याच्यावरून जातात, आणि चौदा अंश वर, चौदा अंश खाली हे त्याला फारसं जाणवतही नाही. तो सरासरी घेतो. म्हणून सरासरी चुकली तर मात्र त्याला लागतं. आत 160 असतील तर वायू सुटून जातो आणि भिंती पक्क्या व्हायला उशीर होतो; केक बुटका, दडस, फिकट राहतो, कधी मधे बसतो. आत 206 असतील तर वरची साय आधी कडक होते, आतलं पीठ अजून फुगत असतं, मग ते मधोमध फोडून वर येतं. वरून काळपट, आत ओलसर. नानकटाईत तूप आधी वितळतं आणि आच कमी असेल तर तिला आकार धरायच्या आत पसरायला वेळ मिळतो.

बसताना जो पदार्थ आठवला होता, त्याच्याशी हे ताडून पाहा. घाई करू नका. सोडा जास्त पडला तरी केक बसतो, पीठ फार फेटलं तरी तो चिवट होतो. सगळं खापर ओव्हनवर फोडायचं नाही. पण फिकटपणा, बुटकेपणा आणि दर वेळी पाककृतीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागणं, हे तिन्ही एकत्र येत असतील आणि कागदावर 159 असेल, तर तुमच्या हाताबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. हे मी ठामपणे सांगते. हात मैदा मोजतो, लोणी फेटतो, टिनला कागद लावतो. धातूच्या पट्टीचा ताण हाताच्या ताब्यात नाही.

इथे मनात एक शंका यायला हवी: हा थर्मोमीटर तरी खरं बोलतो कशावरून? ती आली नसेल तर मुद्दाम आणा. मोजणाऱ्याची परीक्षा कोण करणार, हा जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर घरातून निघून फार दूरवर जातं. आपल्या देशात तापमानाची मानकं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. तिथे ठरलेल्या खुणा असतात: इंडियम हा धातू 156.5985 अंशांना गोठतो, कथील 231.928 अंशांना. आपलं एकशेऐंशी या दोन खुणांच्या मधे पडतं, आणि तिथलं अंतर प्लॅटिनमच्या तारेचा विद्युतरोध मोजून भरलं जातं. 2019 च्या मे महिन्यापासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर बसवली आहे. त्याआधी ती पाण्याच्या एका विशिष्ट अवस्थेवर होती. दिल्लीच्या त्या कथलापासून तुमच्या जाळीवरच्या तबकडीपर्यंत एकाने दुसऱ्याला ताडून पाहण्याची साखळी असते, आणि स्वस्त तबकडीपाशी ती बरीच सैल झालेली असते.

स्वयंपाकघरातही अशा खुणा सापडतात. पदार्थात खुपसायचा डिजिटल थर्मोमीटर असेल तर तो खळखळत्या पाण्यात धरून पाहा. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत त्याने शंभर दाखवायला हवेत. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी साधारण 98 ला उकळतं. महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. पुण्याच्या स्वयंपाकघरात थर्मोमीटरने 98 दाखवले तर तो बरोबरच आहे.

ओव्हनच्या तबकडीसाठी साखर वापरा. साखर 186 अंशांच्या आसपास वितळते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची उथळ वाटी करून तिच्यात चमचाभर साखर पसरा आणि थर्मोमीटरशेजारी ठेवा. आतली सरासरी 175 असताना पंधरा मिनिटांनी ती साखरच राहायला हवी. सरासरी 190-195 वर नेली की पंधरा मिनिटांत वितळायला हवी. तबकडी 175 म्हणत असताना साखरेचं पाणी झालं, तर तबकडी कमी सांगते आहे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मात्र ठेवू नका. फार वेळ तापत राहिली तर साखर वितळण्याच्या बऱ्याच आधी रंग धरू लागते आणि साक्ष बिघडते. ही खूण अंश-दोन अंशांची नाही. पाच-दहा अंशांची आहे, आणि केकला तेवढी पुरते.

आता नॉब 150 वर आणा आणि पुन्हा बसा. मग 220 वर. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच येईल असं नाही. माझ्या अनुभवात खालच्या आकड्यांना ओव्हन बरा आणि वरच्यांना जास्त चुकणारा असतो, पण तुमचा तुम्हीच पाहा. डाव्या-उजव्या कोपऱ्यांतला आणि वरच्या-खालच्या खाचेतला फरक दुसऱ्या एखाद्या दिवशी पाहता येईल. पंखा असेल तर पंख्याशिवायची आणि पंख्यासकटची नोंद वेगळी ठेवा. पंखा चालू असताना पाककृतीतलं तापमान साधारण वीस अंशांनी कमी धरतात.

दुरुस्तीकडे आता वळूया, आणि ती फारच छोटी आहे. ज्या ओव्हनला बटणं आणि आकड्यांचा पडदा असतो, त्याच्या आत बहुधा प्लॅटिनमचाच संवेदक असतो, त्या दिल्लीच्या तारेच्या जातीचा. एक सर्रास वापरला जाणारा प्रकार शून्य अंशाला 1000 ओहम रोध दाखवतो आणि 180 ला सुमारे 1685. अशा अनेक ओव्हनांत फरकाचा आकडा भरायची सोय असते. तो एकदा भरला की पडद्यावरचं 180 आणि आतलं 180 जुळतं. बटणं कुठली आणि किती वेळ दाबायची हे माहितीपुस्तिकेत असतं. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या घरी असेच ओव्हन जास्त. तिथे साधारण 30 ते 35 फॅरनहाइटपर्यंत खाली-वर करता येतं, आणि त्यांचं 350 म्हणजे आपलं 177. तिथल्या काही जुन्या ओव्हनांत नॉब ओढून काढला की मागे दोन स्क्रू आणि खाचा दिसतात. स्क्रू सैल करून तबकडी खाचभर फिरवायची.

आपल्या ओटीजीला यातलं काही नसतं. पट्टीवरचा स्क्रू आत असतो, पण त्यासाठी बाजूचा पत्रा उघडू नका. तिथे 230 व्होल्ट असतात, आणि ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचं आहे. खरं तर त्याचीही गरज बहुधा पडत नाही. फरक साठ-सत्तर अंशांचा असेल, किंवा दर फेरीला आकडे कसेही भरकटत असतील, तर थर्मोस्टॅट बदलून घ्या. पंधरा-पंचवीस अंशांचा, पण दर वेळी तेवढाच फरक असेल, तर ओव्हन जसा आहे तसा राहू द्या. तो चुकतो, पण सारखाच चुकतो, आणि अशा ओव्हनवर विसंबता येतं. नॉबवर ‘180’ कुठेही छापलेलं असो, तुमचं खरं 180 जिथे सापडलं तिथे मार्कर पेनने एक बारीक खूण करा.

बटण बंद करा, प्लग काढा. आत हात घालू नका, थर्मोमीटर निवेपर्यंत तिथेच राहू द्या. तोवर कागद स्वच्छ लिहून काढा: 150 हवे तर नॉब कुठे, 180 हवे तर कुठे, 220 हवे तर कुठे, आणि पहिला दिवा विझल्यावर आणखी किती मिनिटं थांबायचं. अक्षर मोठं काढा, घरात उद्या दुसरं कुणी भाजायला घेईल त्यालाही वाचता आलं पाहिजे. खाली तारीख घाला. दांडी बदलली, ओव्हन नव्या घरी गेला, किंवा वर्ष उलटलं, की हे पुन्हा मोजा. आणि तुमच्या कागदावर 159 आले असतील, तर तोपर्यंत 180 मागणाऱ्या प्रत्येक पाककृतीसाठी नॉब 200 वर ठेवा.